पश्चिमेकडच्या पायऱ्या

नव्या स्टेडियमचा नकाशा पडद्यावर आला तेव्हा सुमेधा पाटणकर पहिल्याच रांगेत बसली होती, आणि पहिली दोन मिनिटं तिला निव्वळ आनंद झाला. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या कडेला असलेल्या त्या खासगी युनिव्हर्सिटीत ती अकरा वर्षं ॲथलेटिक्स डायरेक्टर होती. मूळची ठाण्याची, कॉलेजात असताना राज्याच्या खो-खो संघातून खेळलेली. लग्नानंतर उपेंद्रबरोबर इकडे आली आणि इथलीच झाली. या अकरा वर्षांत तीन गोष्टींसाठी तिने किती ईमेल लिहिल्या असतील याची गणतीच नव्हती. मुलींना चेंजिंग रूम हवी होती, मैदानाला फ्लडलाइट्स हवे होते आणि पूर्वेकडच्या स्टँडवर छप्पर. मुली आजवर जिममागच्या स्टोअर रूममध्ये दाराला आतून खुर्ची लावून कपडे बदलत आल्या होत्या.

नकाशात चेंजिंग रूम होती. फ्लडलाइट्सही होते. छप्पर मात्र ‘फेज टू’मध्ये ढकललं होतं, आणि फेज टू म्हणजे कधीच नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तीनातल्या दोन गोष्टी मिळाल्या, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली. मग व्हाइस प्रेसिडेंट शैलेंद्र दिवेकरांनी पुढची स्लाइड लावली.

मैदानाच्या पश्चिमेकडच्या सिमेंटच्या पायऱ्या त्या चित्रात नव्हत्याच. त्यांच्या जागी काचेचे कठडे, उंच स्टुलं, कुंड्या आणि एक लांबलचक काउंटर होता. मॅचला येणारे माजी विद्यार्थी आणि कंपन्यांचे पाहुणे इथे बसतील, एकवीस वर्षांवरच्यांना मनगटाला पट्टी बांधून आत सोडलं जाईल आणि त्यांना थंडगार बिअर मिळेल, असं दिवेकर सांगत होते. परवान्याचं काम होत आलं होतं. बिअरचा पुरवठा करणारी कंपनी पाच वर्षांसाठी स्पॉन्सर होणार होती आणि चेंजिंग रूम, फ्लडलाइट्स सगळं त्यांच्याच जिवावर.

सुमेधाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. पश्चिमेकडच्या पायऱ्यांमागे इंजिनिअरिंगची चार मजली इमारत होती. दुपारी तीननंतर तिची सावली पायऱ्यांवर यायची, आणि अख्ख्या मैदानात बसण्यासारखी तेवढी एकच जागा होती. खेळाडूंचे आईबाप, आजीआजोबा, लहान भावंडं तिथे दाटीवाटीने बसायची. पूर्वेकडच्या स्टँडवर ऊन थेट तोंडावर यायचं.

तिने हात वर करून विचारलं की हे कोणाला विचारून ठरलं. दिवेकर मूळचे पुण्याचे, त्या ओळखीने तिच्याशी नेहमी मराठीत बोलायचे. त्या दिवशीही सगळ्यांसमोर मराठीतच, अगदी सहजपणे म्हणाले, “अहो, तुम्हालाच विचारून. तुमची सही आहे.”

मीटिंग संपल्यावर तिने फाइल मागवून घेतली. अकरा पानांचा फॉर्म होता. नवव्या पानावर लिहिलं होतं, की पश्चिमेकडची बाजू बिअर टेरेससाठी द्यायला ॲथलेटिक्स विभागाची हरकत नाही, आणि सामन्याच्या दिवशी टेरेसची जबाबदार अधिकारी म्हणून ॲथलेटिक्स डायरेक्टरची नेमणूक करण्यात येत आहे. खाली तिची सही होती. तिचीच, शंकाच नव्हती. मे महिन्यात एका मुलीचा घोटा मोडला होता त्या दिवशीची तारीख. तिचा असिस्टंट वरद फाइल घेऊन पार्किंगमध्ये धावत आला होता, मुलगी मागच्या सीटवर कण्हत होती आणि सुमेधाने गाडीच्या बॉनेटवर फाइल ठेवून जिथे जिथे पिवळी चिठ्ठी दिसली तिथे तिथे सही ठोकली होती. तिने वरदला समोर बसवून विचारलं. वरद दुबईतच वाढलेला, पंचविशीचा, सरळ मुलगा. तो पांढराफटक पडला आणि म्हणाला की मॅम, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.

त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. तिने ते नववं पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचून काढलं.

आठवड्याभरात युनिव्हर्सिटीच्या पेजवर टेरेसची जाहिरात आली. खाली सुमेधाचा फोटो आणि ‘नव्या युगाचं स्वागत’ असं तिने कधीही न बोललेलं वाक्य. दुसऱ्याच दिवशी फैज तिच्या ऑफिसात आला.

फैज म्हणजे मुलींच्या फुटबॉल संघाची कॅप्टन लायबा हिचा बाप. मूळचा मुलतानचा. शारजा औद्योगिक क्षेत्रात त्याचं छोटं गॅरेज होतं, आणि गेली दोन वर्षं लायबाची एकही होम मॅच त्याने चुकवली नव्हती. गॅरेजचाच निळा युनिफॉर्म घालून, हातावरचं ग्रीस घासघासून धुऊन तो यायचा, आपल्या म्हाताऱ्या आईला, हाफिजाबींना, हाताला धरून पश्चिमेच्या तिसऱ्या पायरीवर बसवायचा आणि मॅच संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

तो खुर्चीत बसला तेव्हा सुमेधाने मनाची तयारी केली होती. तो बिअरबद्दल बोलणार, मुलीला संघातून काढतो म्हणणार, आणि आपण त्याला सांगणार की मी हे थांबवायचा प्रयत्न करते आहे. जाहिरातीतला तिचा फोटो दाखवून त्याने शांतपणे विचारलं की याला मंजुरी तिनेच दिली का. तिने हो म्हटलं. न वाचता सही केली, असंही सांगितलं. मग तिने बिअरचा विषय स्वतःच काढला, तर त्याने मान हलवली.

“बिअर से मुझे क्या लेना, मॅडम. जिसको पीना है पिए, परवाना है उनका. मैं तो ये पूछने आया हूँ कि अम्मी कहाँ बैठेंगी?”

आठवडाभर सुमेधा या माणसाच्या नावाने एक लढाई मनातल्या मनात लढत होती, आणि त्याचं म्हणणं एवढंच होतं की आईला बसायला जागा हवी. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली. तिने त्याला शब्द दिला की काहीतरी करते.

ती दिवेकरांकडे गेली. सही मागे घेते म्हणाली. दिवेकर ओरडले वगैरे नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं की सही मागे घेतली तर करार पडेल, आणि करार पडला तर चेंजिंग रूमचं चालू काम उद्या बंद होईल. मुलींना हे तिने स्वतः जाऊन सांगावं. सुमेधा चहा न पिता उठली. खाली आली तर चेंजिंग रूमच्या भिंती कमरेएवढ्या उभ्या राहिलेल्या, आणि लायबा नि आणखी दोघी शॉवर कुठे येणार हे बोट दाखवून एकमेकींना सांगत होत्या. ती त्यांना काही बोलली नाही. पूर्वेच्या स्टँडसाठी वीस मोठ्या छत्र्या, दोन पंखे आणि पाण्याचे कॅन तेवढे मागवले. छत्र्यांतल्या आठच आल्या.

पहिला होम सामना ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी होता. फ्लडलाइट्सचे खांब उभे होते, पण वीज जोडायची राहिली होती, त्यामुळे सामना दुपारी चारला ठेवावा लागला. पारा अडतीसवर होता आणि हवा दमट. टेरेसवर साठ-सत्तर माणसं जमली होती. मधोमध कंपनीने फायबरची एक होडी आणून ठेवली होती, माणूसभर लांब, काठोकाठ बर्फाने भरलेली आणि त्यात बिअरचे शेकडो डबे खोचलेले. समोर पूर्वेला उन्हात चाळीसएक आईबाप डोळ्यांवर हात धरून बसले होते.

सुमेधा त्या दिवशी टेरेसकडे फिरकलीच नाही. हाफिजाबींना तिने सगळ्यात मोठ्या छत्रीखाली बसवलं, स्वतःच्या हाताने पाणी दिलं, दर दहा मिनिटांनी जाऊन त्यांची चौकशी केली. फैज आज अर्धा तास उशिरा, गॅरेजमधून थेट आला होता. छत्रीखाली आईपुरतीच जागा होती. तो बाजूला उन्हात बसला. पंचेचाळिशीचा दणकट माणूस. त्याच्याकडे कोणी लक्षच दिलं नाही.

उत्तरार्धाची बारा मिनिटं झाली होती. सुमेधाला आधी फक्त एक आवाज आला, पोतं पडल्यासारखा. वळून बघते तर फैज दोन पायऱ्या खाली पालथा पडलेला. संघाची फिजिओ इनाया तिच्याआधी पोहोचली. तिने त्याला उताणं केलं, कपाळाला हात लावला आणि हात झटकन मागे घेतला. अंग तव्यासारखं तापलं होतं, पण घामाचा मागमूस नव्हता. डोळे अर्धवट उघडे, आणि तो उर्दूत काहीतरी असंबद्ध पुटपुटत होता.

इनाया म्हणाली, हा हीट स्ट्रोक आहे, ॲम्ब्युलन्सला वीस मिनिटं लागतील आणि तेवढा वेळ याच्याकडे नाही. “बर्फ में डालना पड़ेगा मॅम, पूरा का पूरा. अभी.”

खेळाडूंचा बर्फ हाफ टाइमला टॉवेलांत संपून गेला होता. सुमेधाने मान वर केली आणि समोर, मैदानापलीकडे, ती होडी दिसली.

पुढचं सगळं तिने केलं, पण कसं केलं ते तिला नीट कधीच सांगता आलं नाही. तिने फैजला स्ट्रेचर लावलेल्या गोल्फ कार्टवर चढवायला लावलं आणि वरदला गाडी मैदानातून सरळ पलीकडे न्यायला सांगितली. ती स्वतः हात पसरून पुढे धावत होती. खेळ चालू होता. रेफरीची शिट्टी वाजली, मुली थबकल्या, कोणीतरी चिडून हातवारे केले. गाडी लायबाच्या शेजारून गेली तेव्हा तिने आधी निळा युनिफॉर्म पाहिला, मग चेहरा. ती जागच्या जागी उभी राहिली. दंडावरची कॅप्टनची पट्टी तिने का कोण जाणे उतरवली आणि गाडीमागे धावत सुटली.

टेरेसवरच्या लोकांना आधी वाटलं, काहीतरी कार्यक्रम आहे. दोघं हसलेसुद्धा. सुमेधाने होडीत हात घालून डबे बाहेर फेकायला सुरुवात केली तेव्हा कंपनीचा मॅनेजर धावत आला. तिने त्याच्याकडे न बघता सांगितलं की या टेरेसची जबाबदार अधिकारी ती आहे, काउंटर बंद, खलास, आणि पाण्याचे पाइप इकडे आणा. मग मात्र पाच-सहा जण हातातले ग्लास ठेवून डबे उपसायला लागले. चौघांनी फैजला उचलून कपड्यांसकट बर्फात झोपवलं. त्याच्या तोंडातून जनावरासारखा एक आवाज निघाला. इनाया त्याचं डोकं हातात धरून बसली आणि मिनिटं मोजत राहिली.

खाली दोरीपाशी गार्डने लायबाला अडवलं होतं. तिला विसावं चालू होतं, मनगटाला पट्टी नव्हती, आणि त्याला आत न सोडण्याचा हुकूम होता. सुमेधाने जाऊन दोरी काढून खाली टाकली. मुलगी आत आली आणि बिअरच्या डब्यांच्या ढिगात गुडघे टेकून बापाच्या पायांना धरून बसली. हाफिजाबींना कोणीतरी हाताला धरून मैदानातून आणत होतं. त्यांना पोहोचायला खूप वेळ लागला. त्यांनी होडी पाहिली, डबे पाहिले, मुलगा पाहिला आणि सुमेधाचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

सतराव्या मिनिटाला फैजने डोळे नीट उघडले आणि लायबाला नावाने हाक मारली. ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की आणखी दहा मिनिटं गेली असती तर मेंदूला आणि मूत्रपिंडांना इजा झाली असती, कदाचित माणूसच गेला असता. चार दिवसांत तो घरी जाईल.

त्या रात्री सुमेधा घरी येऊन सोफ्यावर बसली ती बूटही न काढता. उपेंद्रने खाली बसून तिच्या पायांतले बूट काढले. मग तो शेजारी येऊन बसला.

सकाळी तिची मुलगी अस्मी फोन घेऊन आली. एरवी कुठल्याही गोष्टीवर खांदे उडवणाऱ्या त्या मुलीचा चेहरा उतरला होता. म्हणाली, “आई, यू नीड टू सी धिस.”

पस्तीस सेकंदांची रील होती. टेरेसवरच्या कोणीतरी फोनवर शूट केलेली, पण आता युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या पेजवर, पाठीमागे ढिंच्याक संगीत लावून टाकलेली. होडीत फैज, छातीवर बर्फ, उघडं तोंड, भोवती कंपनीचे डबे. चेहरा जेमतेम पुसट केला होता, पण खिशावरचं गॅरेजचं नाव लख्ख वाचता येत होतं. वर लिहिलं होतं, ‘आमचा सगळ्यात थंड कोपरा जीवही वाचवतो!’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

सुमेधाने ती दोनदा पाहिली. काल माणूस पडला तेव्हा जो धक्का बसला त्यात निदान काहीतरी करायला हात मोकळे होते. हे वेगळं होतं. रात्रीत कोणीतरी शांतपणे खुर्चीत बसून संगीत निवडलं होतं.

रविवार असूनही दिवेकर ऑफिसात होते, कंपनीच्या लोकांशी कॉलवर. ती न विचारता आत गेली. त्यांनी कॉल बंद केला आणि हसून सांगितलं की रीलला दोन लाख व्ह्यूज झाले आहेत, अशी पॉझिटिव्ह स्टोरी पैसे देऊनही मिळत नाही, आणि हिरो तर तीच आहे. ती उभीच राहिली. म्हणाली की ही रील एका तासात निघाली पाहिजे. इथल्या कायद्याने न विचारता कोणाचं चित्रण करून टाकणं गुन्हा आहे, आणि रील निघाली नाही तर तक्रार ती स्वतः करेल. तक्रारीत हेही लिहील की माणूस उन्हात का बसला होता, आणि सावली कोणाला दिली होती.

दिवेकरांचं हसू मावळलं. “सुमेधा, जरा विचार करा. त्या कागदावर सही तुमची आहे. पहिल्यांदा तुम्हीच अडकाल.”

“माहीत आहे. म्हणून तर मी लिहिणार. दुसऱ्या कोणी लिहिलं तर माझं नाव गाळतील.”

मग त्यांनी फोन उचलला. चाळीस मिनिटांत रील निघाली. पण तोवर ती शारजातल्या गॅरेजा-गॅरेजांतून फिरली होती.

फैज घरी आल्यावर ती त्याला भेटायला गेली. गॅरेजच्या वरच त्यांच्या दोन खोल्या होत्या. तो भिंतीला टेकून बसला होता, निम्मा झाल्यासारखा. तिने माफी मागितली. सहीची, छत्रीची, रीलची, एकेक करून. त्याने सगळं ऐकून घेतलं. डबे, बिअर यांचं त्याला काही नाही म्हणाला, बर्फ नसता तर तो आज बोलत नसता. मग थांबला आणि दाराकडे बघत, हळू आवाजात म्हणाला की लायबाने आजवर त्याला साधं आजारी पडलेलंही पाहिलं नव्हतं, आणि आता त्याचं ते तोंड अनोळखी माणसांच्या फोनमध्ये आहे. एक जुनं गिऱ्हाईक काल गाडी न्यायला आलं ते हसत होतं. “वो कब तक हँसेगा, मॅडम, ये आप बता सकती हैं?”

हाफिजाबींनी तिच्यासमोर शेवयांची खीर ठेवली आणि संपेपर्यंत उठू दिलं नाही.

तक्रार तिने तरीही केली, युनिव्हर्सिटीच्या बोर्डाकडे, चार पानांची, स्वतःच्या नावाने सुरू होणारी. डिसेंबरमध्ये निर्णय आला. टेरेस बंद झाली नाही. ती उत्तरेच्या कोपऱ्यात गोलपोस्टमागे हलवली, बिअर तिथे अजूनही विकली जाते आणि खपतेही. पश्चिमेची बाजू कुटुंबांना परत मिळाली. पारा छत्तीसच्या वर असेल तर सामना होणार नाही, असा नियम झाला. सुमेधाला लेखी ताकीद मिळाली आणि डायरेक्टरची खुर्ची गेली. तिला सीनिअर कोच केलं आणि तिच्या जागी तात्पुरता वरद आला. तो पहिल्या दिवशी तिच्या केबिनमध्ये बसायला तयारच होईना. तिनेच त्याला हाताला धरून नेऊन बसवलं. दिवेकरांच्या खुर्चीला काही झालं नाही.

चेंजिंग रूम जानेवारीत उघडली. फेब्रुवारीतल्या एका सुखद दुपारी लायबा तिथूनच संघ घेऊन बाहेर आली. प्रेक्षकांत हाफिजाबी होत्या, शेजारणीबरोबर आलेल्या. फैज नव्हता. सुमेधाने त्यांच्याजवळ जाऊन विचारलं तर त्या म्हणाल्या की तो चांगला आहे, कामाला जातो, जेवतो, पण मैदानात यायचं नाव काढलं की उठून जातो. अजून वेळ लागेल.

सामना सुरू झाला. आपल्या मुली दोन-एकने हरल्या. लायबाने शेवटपर्यंत एकदाही बाप बसायचा त्या पायऱ्यांकडे पाहिलं नाही.